दाजिबाचे केस

मिरजेच्या चैत्रालीला घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलं होतं, पण ती बाई होती आणि बाई म्हणूनच जगत होती. तिने विणलेली गंगावनं लावून गावातल्या कैक बायका मिरवायच्या. धाकट्या बहिणीच्या लग्नात करवली व्हायचं ठरलं, तेव्हा मात्र स्वतःच्या केसांपुढे तिने हात टेकले. उंच खोप्यात जबडा रुंद दिसला. मधल्या भांगाने कपाळ मोठं वाटलं. पाचव्यांदा सगळे केस सोडून तिने भांग बाजूला पाडला, मानेवर सैल अंबाडा घातला आणि गालांवर दोन बटा सोडल्या. आता कुठे आरशातली बाई तिला ओळखीची वाटली.

करा हातात घेऊन ती मांडवात आली, तोच नवऱ्यामुलाची आत्या विमलाक्का आडवी आली. तिच्या डोक्यावर चैत्रालीकडूनच महिन्यापूर्वी नेलेल्या गंगावनाचा भलामोठा अंबाडा होता.

“करवली बाईच लागते,” आक्का कडाडली. “पुरुषाचे केस कितीही वळवा, बाईचे होत नाहीत. ठेव तो करा खाली!”

भटजी घड्याळ बघू लागले. आई पदराशी चाळा करत राहिली. चैत्रालीने करा खाली ठेवला नाही.

“आक्का, तुमच्या गंगावनात दाजिबा ड्रायव्हरचे केस आहेत. नवसासाठी सात वर्षं वाढवलेले. महिनाभर तुम्ही ते मिरवताय. कुणी तुम्हाला दाजिबा म्हणून हाक मारली का हो?”

मांडव खदखदून हसला. करवली पुढे झाली. आक्का मागोमाग निघाली, एका हाताने अंबाडा घट्ट धरून.