पारूआत्याची गावठी शेवंती

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव काशीराम. अंगाने दणकट, मनाने निर्मळ. डोक्याचं म्हणाल, तर त्यावर तो टोपी घालायचा.

तो पारूआत्याकडे राहायचा. आत्याच्या परसात गावठी पिवळ्या शेवंतीचा वाफा होता. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा तिने माहेराहून एकच फुटवा ओच्यात घालून आणला होता. दर वर्षी बहर सरला की झाडं छाटायची, बुडातून नवे फुटवे यायचे. दसऱ्याला गावदेवीची पहिली वेणी याच वाफ्यातली. चाळीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. म्हातारीला गावात मान तेवढाच एक, आणि तिचा सगळा जीव त्यात.

यंदा आत्याचे गुडघे धरले, म्हणून तिने वाफा काशीरामकडे सोपवला. मला विचाराल तर तिने रांगत जायला हवं होतं.

श्रावणात आत्या म्हणाली, "काशा, शेवंतीचे शेंडे खुड. एक खुडला की धा फुटत्यात."

काशीरामने शेंडे खुडले. झकास खुडले. परत येतो तो ओट्यावर पुजारीबुवा डुलक्या घेत बसलेले. सगळं टक्कल, मागे एवढीशी शेंडी. काशीरामला दया आली. त्याने विळा काढला.

पुजारीबुवा बोंबलत आत्याकडे गेले. आत्या म्हणाली, "आरं मुडद्या, शेंडी खुडायची नसती. तिला तेल लावायचं असतं."

"बरं आत्या, ध्यानात ठेवलं."

पंधरवड्याने शेवंतीला नवे शेंडे फुटले. काशीरामने वाटीभर गोडंतेल घेतलं आणि एकेका शेंड्याला चोळून चोळून लावलं. वाफ्यात मुंग्यांची जत्रा भरली.

"आरं, झाडाला कुणी तेल लावतं व्हय? वाकलेलं दिसलं तर काठी लावावी, सुतळीनं बांधावं."

"बरं आत्या, ध्यानात ठेवलं."

देवळात सरपंच देवीपुढे वाकले होते. काशीरामने पाठीला काठी लावली आणि मानेपासून कमरेपर्यंत आवळून बांधलं. सरपंच तसेच ताठ घरी गेले. दारात काठी अडली.

"आरं, वाकलेल्या माणसाला बांधत्यात का? हात जोडून गप बाजूला हुभं राहावं."

"बरं आत्या, ध्यानात ठेवलं."

दुसऱ्या दिवशी वाफ्यात शेळी शिरली. मान वाकवून खात होती. काशीराम हात जोडून गप बाजूला उभा राहिला. शेळीने अर्धा वाफा संपवला आणि निवांत निघून गेली. काशीरामने तिला वाटही दिली.

त्या दिवशी आत्या खरोखर रडली. उरलेल्या अर्ध्या वाफ्यावर मात्र कळ्या धरल्या. एका वेणीपुरत्या होत्या. तेवढ्यात लेकीच्या गावाहून निरोप आला, बाळंतपण जवळ आलंय, निघून ये. दसरा पाच दिवसांवर. आत्याने भाच्याला समोर बसवलं.

"आता मी काय शिकवत न्हाई. येकच काम सांगते. डोळ्यांत तेल घालून शेवंती राख."

"राख?"

"व्हय, राख."

"सगळी?"

"समदी. एक फूल सुटता कामा न्हाई."

"बरं आत्या, ध्यानात ठेवलं."

आत्या गेली. काशीरामने आधी डोळ्यांत तेल घातलं. डोळे चुरचुरले, पण शब्द म्हणजे शब्द. मग त्याने शेवंती कापली. हिरवी होती, पेटेना. तीन दिवस पत्र्यावर वाळवली. मधे शेळी आली, तिला मात्र त्याने हाकललं. मग देवघरातलं तूप ओतून काडी लावली. बुडं मातीत होती, त्याला दिसली नाहीत, म्हणून वाचली.

दसऱ्याच्या सकाळी आत्या एसटीतून उतरली ती सुईदोरा हातात घेऊनच. पुजारीबुवा वेणीसाठी दारात बसले होते, या खेपेला टोपी घालून. आत्या परसात गेली. वाफा बोडका.

"काशा, माजी शेवंती कुठं हाय?"

लालभडक डोळ्यांनी काशीराम पुढे आला. त्याने आत्याच्या पुढ्यात पाटी ठेवली.

"शेवंती राख," तो म्हणाला. "चाळून ठेवलीय. एक फूल सुटलं न्हाई."

आत्याने पाटीत बघितलं. कपाळाला हात लावून ती तिथेच वाकली.

हात जोडून उभं राहिलं की काय होतं, ते शेळीने दाखवलं होतं; वाकलेलं दिसलं की काय करायचं, हे काशीरामला आता पक्कं ठाऊक होतं. तो काठी आणि सुतळी आणायला धावला.