भोपळ्याच्या पोटात काय?

मिरजेच्या यासीनचाचांनी घडवलेला तंबोरा कुरिअरने समुद्रापार पोहोचला खरा, पण युरोपातल्या त्या शहराच्या कस्टममध्ये अडकला. त्याच संध्याकाळी तिथे वसुधा केतकरचं गाणं होतं, आणि चाचांच्या तंबोऱ्यावर गायचं हे तिचं जुनं स्वप्न. ती धावतच कचेरीत गेली.

मोठे साहेब तंबोऱ्याच्या भोपळ्यावर टिचकी मारत म्हणाले, "एवढी मोठी वस्तू पोकळ कशाला? आत नक्की काहीतरी लपवलंय. आम्ही हा फोडून बघणार."

मिरजेत चाचांचे हात आता वयामुळे थरथरायचे. असा दुसरा तंबोरा व्हायचा नव्हता. पण वसुधाने ही धास्ती चेहऱ्यावर दिसू दिली नाही.

"साहेब, आत काय आहे ते न फोडताच बाहेर काढून दाखवलं तर?"

"दाखवा की!" साहेब हसले.

वसुधाने तिथेच जमिनीवर बैठक मारली. प्रवासासाठी सैल सोडलेल्या तारा शांतपणे जुळवल्या आणि छेडल्या. मिरजेचा तो भरदार झंकार खोलीभर घुमला. रांगेतली माणसं बोलायची थांबली.

"आत हे होतं," वसुधा ताठ मानेने म्हणाली. "एक चिंधी जरी कोंबलेली असती, तरी हा असा घुमला नसता. आता यातलं काय जप्त करायचं, ते तुम्हीच ठरवा."

साहेबांनी कागदांवर शिक्का मारला. तंबोरा उराशी धरून वसुधा निघाली, तेव्हा तिच्यासाठी दार साहेबांनीच उघडून धरलं.