तळ्यावरचं स्टेशन

फार वर्षांपूर्वी शहराबाहेर एक नवं स्टेशन उभं राहिलं. छपरावर उतरणाऱ्या प्रत्येक चिमणीला ते ऐटीत सांगे, “मी येण्याआधी इथे नुसता ओसाड माळ होता.”

एका सकाळी एक कासवीण धापा टाकत फलाटाशी आली. “दादा, इथलं तळं कुठे गेलं? माझा जन्म त्याच्याच काठचा. आता अंडी घालायला परत आलेय.”

चिमण्या स्टेशनाकडे पाहू लागल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बाई, ते बुजवूनच मला बांधलं,” ते कसंबसं म्हणालं. “मी सगळ्यांना खोटं सांगत आलो.”

ती रागावली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिने मातीला डोकं टेकवलं आणि हळूच विचारलं, “खाली अजून थोडी ओल असेल का रे?”

स्टेशनाने आजवर कधी खाली पाहिलंच नव्हतं.