पाठमोरा कर्णा

फार जुनी गोष्ट आहे, डोंगरांना अजून नावं पडली नव्हती तेव्हाची. अशाच एका बिननावाच्या डोंगरावर दाट रान होतं. इतकं दाट, की भर दुपारीसुद्धा ऊन खाली यायचं ते कवडशांनीच.

त्या रानात कर्णा नावाचा पक्षी राहायचा. डोकं काळं, गळ्यात पांढरी कंठी, पाठ सुक्या पानासारखी तपकिरी. आणि पोट मात्र लालभडक, पिकल्या तोंडल्यासारखं. पण ते पोट रानात फारसं कुणी पाहिलेलंच नव्हतं. कारण जरा कुठे पान वाजलं, सावली हलली, की कर्णा फांदीवर हलकेच वळायचा आणि आल्यागेल्याकडे पाठ करून बसायचा. अगदी गप्प. मग सुकं पान कुठलं आणि कर्णा कुठला, कळत नसे.

त्याची बायको त्याच्याहून साधी, फिकट पिवळसर पोटाची. दोघांच्या चोची बेताच्याच, हिरवं लाकूड काही त्यांना पोखरवत नसे. म्हणून त्यांनी एक कुजका खुंट शोधला, पाळीपाळीने कोरला आणि पाळीपाळीनेच आतली अंडी उबवली. आता पिल्लं झाली होती, आणि पिल्लांना सारखी भूक लागायची.

रानातले पक्षी सकाळी टोळीने निघत. सातभाई पाचोळा उलटापालटा करायचे, बाकीचे फांद्या हलवायचे, किडे उठायचे, आणि कर्णा उडता किडा वरच्या वर टिपायचा. टोळी होती म्हणून पिल्लांचं पोट भरत होतं.

टोळीचा नाईक होता भृंगराज. शेपटीला दोन लांब गोंडे मिरवणारा. उंचावर बसून आभाळावर नजर ठेवायची आणि ससाणा दिसला की ओरडायचं, हे त्याचं काम. ते तो चोख करायचा. पण हळूहळू नाईकपण अंगात मुरलं, आणि त्याने एक चाल पाडली. निघण्याआधी हिरड्याच्या झाडावर जमायचं आणि नाईकाकडे तोंड करून मुजरा करायचा.

सगळे करायचे. कर्णाही वाकायचा, पण पाठमोराच.

"आले बाई पाठमोरे पाव्हणे," सातभाईंची थोरली काकू म्हणायची. "यांचं तोंड बायकोने तरी बघितलंय का, विचारा."

एके दिवशी भृंगराजाला ते सहन होईना. "कर्ण्या, माझ्याकडे तोंड वळवायला काय होतं तुला?"

"तोंडाचं काही नाही, नाईक. पोट लाल आहे. उघड्यावर वळलो की लांबून दिसतं. भीती वाटते."

"मी वर बसलेला असताना?"

"तुम्ही आहात म्हणून तर येतो. पण भीती काही विचारून येत नाही."

टोळी खदखदून हसली. भृंगराज हसला नाही. "उद्या समोरून मुजरा. नाहीतर परवापासून टोळीत यायचं नाही."

संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, नका जाऊ तिकडे. आपण दोघं मिळून भागवू."

"आज एकटी फिरलीस. काय मिळालं?"

तिला मिळाला होता एक नाकतोडा. आत पिल्लांची चिरचिर थांबत नव्हती, आणि ती ऐकून साप खुंटापर्यंत यायला कितीसा वेळ लागतो?

"एकदाच वळतो," कर्णा म्हणाला. "वळायचंच तर आहे."

सकाळी हिरड्यावर सगळे जमले. कर्णा फांदीवर बसला, आणि हळूच नाईकाकडे वळला. नेमका तेव्हाच एक कवडसा त्याच्या पोटावर पडला. सगळं झाड जणू उजळलं.

"अगो बाई," काकू म्हणाली.

भृंगराज टक लावून बघत राहिला. एवढा देखणा मुजरा त्याला आजवर कुणी केला नव्हता. तो बघत राहिला, आणि आभाळाकडे बघायचं राहून गेलं.

ससाणा आला तो आवाज न करता. फक्त वाऱ्याचा एक फटका बसला आणि पानं गळली. कर्णा खाली कोसळता कोसळता झुडपात शिरला. जीव वाचला, कारण त्याची पिसं मुळातच सैल. ससाण्याच्या नखांत आली ती नुसती शेपटी.

पण ससाण्याला झाड कळलं. रोज सकाळी इथे न्याहारी जमते, हे त्याने ओळखलं, आणि तो तिथेच वर मुक्कामाला आला. टोळी फुटली. जो तो एकेकटा, उपाशी, पानाआड दबून राहू लागला.

शेवटी भृंगराज खुंटापाशी गेला. कर्णा पाठ करून बसला होता, शेपटीवाचून थोटका दिसत होता.

"मी आलोय," भृंगराज म्हणाला.

"ओळखला आवाज. वळू का?"

"नको, नको. बस तसाच." "ओरडायचं काम माझं होतं रे. मी तुझ्याकडे बघत बसलो."

"सगळेच बघत होते, नाईक."

"सगळ्यांनी बघितलं तर चालतं. मी बघून नव्हतं चालत." त्याने मान खाली घातली. "दरीपलीकडे सावलीचं रान आहे. उद्या तिकडे जमू. दोघंही या. मुजरा नाही."

दुसऱ्या दिवशी टोळी दरीपलीकडे जमली. कर्णा आणि त्याची बायको दाट पानांत पाठमोरी बसली. काकूने सवयीने वर पाहिलं, आणि तिची चोच उघडीच राहिली. सगळ्यांत उंच फांदीवर भृंगराज बसला होता. टोळीकडे त्याची पाठ होती आणि तोंड आभाळाकडे.

त्या दिवशी पिल्लं पोटभर जेवली.

तात्पर्य: ज्याच्यावर सगळ्यांची राखण असते, त्याने आपल्याला कोण मान देतं ते पाहू नये, संकट कुठून येतं ते पाहावं.