ओढ्याकाठचा पवित्रा

फार मागे, प्राण्यांची राज्यं होती तेव्हा, एका ओढ्याच्या अलीकडे मुंगसांचं राज्य होतं आणि पलीकडे मोरांचं. एका सकाळी मोर पिसारे फुलवून उभे असलेले मुंगसांच्या सरदाराला दिसले. त्याला ती चढाईची तयारी वाटली. त्यानं सगळ्या मुंगसांना काठावर बोलावलं आणि अंग फुलवून उभं राहायला सांगितलं.

भिवबा मुंगसाची पिल्लं मात्र बिळात एकटी होती, आणि शिकारी मुंगसं काठावर गेल्यामुळे नाग मोकळे फिरू लागले होते. म्हणून तो स्वतःच वकील होऊन मोरांकडे गेला आणि चौकशी करून आला.

"सरदार, ते लांडोरींसाठी नाचतायत."

"असेलही. पण एवढी मंडळी जमवून बसलोय. आता घरी जा म्हटलं, तर बोलावलं कशाला असं विचारतील. त्यांनाच सांग, नाच बंद करा."

भिवबा पुन्हा पलीकडे गेला. म्हातारा मोर अवघडला.

"अहो, पिसं झडायला लागलीत, नाच आपोआप थांबणारच होता. पण आता थांबलो तर तुम्हाला भ्यालो असं होईल."

एकेक पीस झडून ओढ्यातून वाहत जात होतं, तरी मोर नाचत राहिले आणि समोर मुंगसं अंग फुलवून उभी राहिली. भिवबा कोणाला न विचारता घरी परतला. बिळाच्या तोंडाशी नाग होता. भिवबा त्याला आडवा आला.

"ओढ्यावर काय चाललंय रे?" नागानं विचारलं.

"आम्ही उभे म्हणून ते नाचतायत, आणि ते नाचतायत म्हणून आम्ही उभे आहोत."

"बरं, सावकाश चालू द्या," नाग म्हणाला, आणि सरदाराच्या बिळाकडे वळला.