सोनं उधळणारी किल्लेदारीण

एका राज्यात समुद्रकड्यावर शंखगड नावाचा गड होता. गडाच्या तळघरात शापाचं सोनं होतं. लोभानं जो त्याला हात लावी, तो जागच्या जागी दगड होई. तीन चोर आणि एक राजपुत्र तिथं अजून उभे होते. राजांना ते सोनं वापरता येईना, आणि टाकूनही देववेना.

एके वर्षी राजा सारी फौज घेऊन सात डोंगरांपलीकडे लढाईला गेला. किल्लेदार अरिसिंह त्याच्याबरोबर गेला. गडावर उरल्या चाळीस बायका, म्हातारा दरवान भैरोजी, कधीही खोटं न बोलणारी एक साळुंकी आणि अरिसिंहाची बायको कनकावती.

ही संधी साधून मायावी राजा विकटकेतू दहा हजार सैन्य घेऊन आला.

"बाई, दार उघड. माझ्या मंत्रापुढे तो शाप टिकायचा नाही. सोनं माझं, गडही माझा."

कनकावती तटावरून म्हणाली, "दाराची कडी आत आहे, राजा. बाहेर ओरडून ती निघत नाही."

विकटकेतूने मूठभर धुकं फुंकलं. त्याचा हत्ती झाला आणि दरवाजाला धडका देऊ लागला. बाण त्याच्यातून आरपार जात.

"धुकंच ना?" कनकावती म्हणाली. "मग पाखडा!"

चाळीस बायका सुपं घेऊन तटावर चढल्या. एका तालात सुपं हलली. आधी सोंड उडाली, मग कान, मग पाय. दुपारपर्यंत हत्ती उरला नाही. तटावर असा हशा पिकला की खालच्या फौजेने माना खाली घातल्या.

दुसऱ्या दिवशी विकटकेतूने एका कैद्याला दोरखंडाने बांधून पुढे आणलं. तो अरिसिंह होता.

कनकावतीने साळुंकीला विचारलं, "खरा की मायेचा?"

"खरा," साळुंकी म्हणाली. "रणात जखमी झाला, तिथेच याच्या माणसांनी धरला."

कनकावतीने तटाचा दगड घट्ट धरला.

"दार उघड, नाहीतर याचं मस्तक उडवतो!" विकटकेतू गरजला.

अरिसिंह ओरडला, "कनका, दार उघडलंस तर मी जगून कोणाला तोंड दाखवू?"

कनकावती म्हणाली, "मार, राजा. मग उद्या माझ्याशी सौदा करायला तुझ्याजवळ काय उरेल?"

विकटकेतूने उगारलेली तलवार न चालवताच म्यान केली. त्या दिवशी कनकावती जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी त्याच्या मंत्राने जमिनीतून शिड्या उगवल्या, तटाइतक्या उंच. सैनिक चढू लागले. बायकांनी दगड लोटले, जाती लोटली, पाटे-वरवंटे लोटले. लोटण्याजोगं काही उरलं नाही.

"तळघर उघडा," कनकावती म्हणाली.

भैरोजी आडवा झाला. "बाईसाहेब, दगड व्हाल!"

"लोभानं धरलं तो दगड झाला, भैरोजी. मला हे फेकायचंय."

तिने सोन्याची पहिली वीट उचलली. बोटं गारठली. पण ती दगड झाली नाही. मग चाळीस बायकांची रांग लागली आणि तटावरून सोन्याचा मारा सुरू झाला.

शिड्या सोडून सैनिक विटांवर तुटून पडले. ज्याने वीट उराशी धरली, तो दगड झाला. विकटकेतू धावला, मंत्र पुटपुटत त्याने एक वीट कवटाळली. मंत्र अर्धाच राहिला. तोही दगड झाला.

तळघरातली शेवटची वीटही लोभाविना तटाखाली फेकली गेली, आणि शाप सरला. सोन्याची माती झाली. तळघरातून तीन चोर आणि एक राजपुत्र डोळे चोळत बाहेर आले. खाली दगड झालेले सैनिकही जागे झाले. त्यांच्यात लोभ उरला नव्हता. ते आपापल्या गावी निघून गेले. त्यांच्यामागून विकटकेतूही गेला, मंत्र विसरलेला साधा म्हातारा. बायकांनी खाली उतरून अरिसिंहाचे दोर कापले.

महिन्याने राजा परतला.

"कोणाच्या हुकमाने राजखजिना उधळला?"

"माझ्या. हुकूम देणारे सगळे डोंगरांपलीकडे होते, महाराज. गड इथे होता."

अरिसिंहाने किल्लेदारीच्या मोहोरेची अंगठी बोटातून काढली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. राजाने मान डोलावली.

तेव्हापासून शंखगडाचा कारभार कनकावतीच्या मोहोरेने चालला, आणि ती होती तोवर कुणाही शत्रूने त्या कड्याची वाट धरली नाही.