बसलेला शॉकअप

“…पण चकत्या किती वाढवायच्या, तेवढं तरी सांगा की वस्ताद!”

शीतल मगदूमनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर वस्ताद लिंबाखाली खुर्ची टाकून शेंगा फोडत होते. समोर पिकअपमधून उतरवलेली शीतलची डर्ट बाइक स्टँडवर उभी होती. वस्तादांनी तिच्याकडं एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

शीतल हे आमच्या जयसिंगपूरकडं जैनांच्या घरात पुरुषाचंही नाव. बारशाला आत्यानं काय बघून ठेवलं होतं कोण जाणे, कारण या माणसाचं डोकं वयाच्या छत्तिसाव्या वर्षीही तापलेलंच असायचं.

“पूर्ण किट मागवलंय, वस्ताद. परदेशातनं. सोबत तक्ता आहे. कुठल्या वजनाला किती चकत्या, सगळं छापलंय.”

त्यानं डबा पुढं केला. वस्तादांनी डब्याकडं पाहिलं आणि आणखी एक शेंग फोडली.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या शॉकअपच्या पोटात तेल असतं आणि त्या तेलात एक दट्ट्या खालीवर होतो. दट्ट्याच्या दोन्ही अंगांना कागदासारख्या पातळ पोलादी चकत्यांची उतरंड रचलेली असते. गाडी आदळून खाली बसते तेव्हा तेल एका बाजूच्या चकत्या वाकवून वाट काढतं, आणि उठते तेव्हा दुसऱ्या बाजूच्या. चकत्या वाढवल्या की कडक, काढल्या की मऊ. शास्त्र एवढंच. पण कुठल्या बाजूच्या किती, यात माणसांची आयुष्यं गेलीत.

शीतलचं हाड गेलं होतं. शर्यतीच्या माळावर एका ओळीत तीन उंचवटे होते. पहिल्यावरून तो झोकात उडायचा, दुसऱ्यावरूनही. तिसऱ्यावर गाडी तळाला आदळायची आणि त्याला फेकून द्यायची. दोन हंगामांत दोनदा पडला, दुसऱ्यांदा गळ्याजवळचं हाड मोडलं. पुण्याच्या त्याच्या टीमनं प्रेमानं हात जोडून निरोप दिला. परवाच्या रविवारी तिसरा उंचवटा पार झाला नाही तर हेल्मेट कायमचं खुंटीला, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

म्हणून तो वस्तादांच्या दारात आला होता. अकरा वर्षांनी.

पण पंचाईत अशी होती की वस्ताद त्याच्या गाडीला हात लावणार नव्हते. अकरा वर्षांपूर्वी पुण्याला निघताना शीतल चार लोकांसमोर बोलून गेला होता, “नखानं चकत्यांची जाडी मोजायचे दिवस गेले आता, वस्ताद.” त्यावर वस्ताद एवढंच म्हणाले होते, “बरं. मग तुज्या गाडीला माजा हात लागायचा न्हाई.” आणि दस्तगीर मुल्लाणी बोललेलं पाळतात, हे माळावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

“मागनं बसत्या म्हंतोस?” वस्तादांनी एकदाचं तोंड उघडलं.

“बसते की! तिसऱ्याला पार तळाला. म्हणून तर कडक करायचाय. मागच्या वर्षीही केला होता कडक. तरी बसतोच.”

“आनि उठताना?”

“आधी उठताना लाथ मारायची. ते मी बंद केलं.” शीतलची छाती जरा पुढं आली. “उठायच्या बाजूला चकत्या वाढवून टाकल्या. आता गपगार असते.”

वस्तादांचा हात शेंगेवर थांबला.

“लई शाना हायस.”

“वस्ताद…”

“बस.”

शीतल खुर्ची शोधू लागला.

“खुर्ची कशाला? हितंच बस. उकिडवा.”

तो उकिडवा बसला. गुडघे कुरकुरले.

“बसलो.”

“आता आनखी बस.”

“म्हणजे?”

“आनखी खाली. उठायचं न्हाई, तसाच बस.”

शीतलनं प्रयत्न केला. टाचा हलल्या, तोल गेला, आणि नवी पँट घालून गडी धुळीत बसला. दारात वस्तादांच्या बायको, जैतूनचाची उभ्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला.

“आणखी कुठं बसू, वस्ताद?” शीतल चिडला. “उठल्याशिवाय माणूस परत बसणार कसा?”

वस्तादांनी दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले.

“तीबी दोन वर्सं तुला ह्येच इचारत्या.”

…

शीतल धुळीतून उठलाच नाही. तो गाडीकडं बघत राहिला.

पहिला उंचवटा… बसली. दुसरा… अर्धी उठली न उठली तोच पुन्हा बसली. आणि तिसऱ्याला बिचारीला बसायला जागाच उरली नव्हती. दोन वर्षं तो तिला मऊ म्हणून शिव्या घालत होता आणि दर वेळी आणखी कडक करत होता. ती उठू नये म्हणून तिचं डोकं त्यानंच दाबून धरलं होतं.

त्याला लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

“खोल,” वस्ताद म्हणाले.

“मी?”

“मग कोन? शब्द दिलाय मी. हात न्हाई लावनार. त्वांड हाय की माजं.”

शीतलनं बाह्या सरसावल्या. डबा खुर्चीच्या पायाशी तसाच राहिला.

शॉकअप निघाला, स्प्रिंग सुटली, दांडा बाहेर आला, जुनं तेल परातीत ओतलं गेलं. त्या वासानं शीतलला एकदम एकोणिसावं वर्ष आठवलं.

तेव्हा रविवार म्हणजे माळ. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आडव्या लावून लोक वर चढायचे, हातात भडंगाच्या पुड्या. भोंग्यावरचा गुरव मास्तर प्रत्येक स्वाराला ‘आपल्या पंचक्रोशीचं भूषण’ म्हणायचा, मग तो स्वार बेळगावचा का असेना. धुराचा वास शर्टाला बुधवारपर्यंत टिकायचा, आणि आई शर्ट नाकाला लावून विचारायची, “कॉलेजात पेट्रोल शिकवत्यात व्हय रे?” किट कुठलं आणि तक्ता कुठला! वस्ताद पत्रा कातरायच्या कात्रीनं चकत्या कापायचे, काचेवर घासायचे, आणि अंगठ्याचं नख फिरवून जाडी सांगायचे. त्याच घासलेल्या चकत्यांवर शीतल पहिला आला होता. वस्तादांनी शाबासकी दिली नव्हती. त्याच्या चष्म्यावरची धूळ तेवढी स्वतःच्या शर्टानं पुसली होती. पुण्यात पुढं ढाली मिळाल्या, हार मिळाले, पण तसं कुणी पुसलं नाही. हे त्यानं आजवर बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

“किती काढू?” त्यानं विचारलं.

“नखानं बग.”

शीतलनं मान खाली घातली. वस्तादांच्या आवाजात टोमणा नव्हता, हे जास्तच लागलं. त्यानं उठायच्या बाजूची उतरंड तळहातावर घेतली आणि अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा थोडं कळलं. दोन चकत्या त्यानं बाजूला ठेवल्या.

वस्ताद लांबूनच म्हणाले, “आनखी येक.”

तिसरी काढली.

मग वस्तादांनी परातीत वाकून पाहिलं.

“त्याल कुठलं घातलंयस ह्ये? काकवी हाय निस्ती. घट्ट त्यालात गेलेला लौकर वर येत न्हाई. पातळ घे.”

शीतलनं पातळ तेल भरलं, हवेचा एकेक बुडबुडा ठोकून काढला, नाक्यावरच्या टायरवाल्याकडून नायट्रोजन गॅस भरून आणला आणि शॉकअप जागेवर बसवला. चाचींनी दोनदा चहा दिला. दुसऱ्यांदा देताना म्हणाल्या, “वाळलायस रे.” तो वाळलेला मुळीच नव्हता, चांगला सुटला होता. पण त्याला ते ऐकून बरं वाटलं.

पुढं रविवारी गाडी तिसऱ्या उंचवट्यावरून सरळ निघाली. शीतल सातवा आला आणि पहिला आल्यासारखा नाचला. पण ती रविवारची गंमत. ही गोष्ट शुक्रवारच्या त्या दुपारचीच आहे.

“आता दाब,” वस्ताद म्हणाले.

शीतलनं सीटवर तळवा ठेवून मागची बाजू दाबली, सोडली. सीट वर आली.

“असं न्हाई. म्हन.”

“काय म्हणू?”

लिंबाचा पाला पडत होता, वस्ताद तो बघत राहिले.

…

आणि शीतलला आठवलं.

वस्तादांकडं घड्याळ लावून मोजायची पद्धत नव्हती. सीट दाबायची, सोडायची, आणि सोडताना म्हणायचं… ‘येतो’. शब्द ‘तो’वर संपला की सीट वर आलेली पाहिजे. आधी आली तर लाथ मारणार, मागं राहिली तर बसणार. घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे तर घरोघरी शिकवतात. वस्तादांनी ते गाडीला शिकवलं होतं.

आणि अकरा वर्षांपूर्वी याच लिंबाखालून निघताना शीतल मुद्दाम, रागानं, ‘जातो’ म्हणाला होता. चाची आतून धावत आल्या होत्या, “आरं, येतो म्हन रं!” त्यानं किक मारली होती.

त्यानं पुन्हा सीट दाबली.

“ये…”

पुढचं अक्षर निघालंच नाही. सीट एकटीच वर आली.

त्यानं परत दाबली. परत तेच झालं. आता त्याला मान वर करायची सोय राहिली नाही, कारण डोळे भरून आले होते आणि छत्तीस वर्षांच्या माणसाला चाचींसमोर रडायचं नव्हतं.

खुर्ची करकरली. वस्ताद उठले. एका गुडघ्यावर हात देऊन उठले, शेंगांची टरफलं मांडीवरून झटकली, आणि चार पावलं चालत गाडीपाशी आले. शीतलच्या हाताशेजारी त्यांनी आपला तळवा सीटवर ठेवला.

दारात चाचींनी हातातला पेला खाली ठेवला.

“म्हन,” वस्ताद म्हणाले.

दोन्ही हातांनी सीट खाली गेली.

“येतो.”

सीट शब्दाबरोबर वर आली. ना आधी, ना मागं.

बराच वेळ कुणी हात काढला नाही.

“वस्ताद,” शीतल म्हणाला, “मला यायला अकरा वर्षं लागली…”

वस्तादांनी सीटवरची धूळ तळव्यानं पुसली.

“हिकडलं त्यालबी घट्टच हुतं.”